नरसी ते ताडोबा : एका अरण्यसहलीची पूर्वतयारी

ग्रामीण शाळेची सहल ठरावयाची म्हणजे बहुधा एक ठराविक यादीच पुढे येते. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, पैठण. जवळची स्थळे हवी असतील तर औंढा नागनाथ, नांदेड किंवा माहूर. ही स्थळे थोर आहेत व ती मुलांनी पाहावयासच हवीत. परंतु लेणी, देवालये आणि किल्ले एवढ्यावर देशाचा परिचय संपत नाही. ज्या भूमीवर ही सर्व उभी राहिली, ती भूमी माणसाचा नांगर लागण्यापूर्वी कशी दिसत होती, हे हिंगोली जिल्ह्यातील मुलास गावात राहून कळण्याचा संभव फार थोडा आहे. मराठवाड्यात वन अत्यल्प आहे. जे आहे ते माळावरची झुडुपे, नाल्याकाठची बाभळ, बांधावरचा पळस आणि गावठाणातला लिंब एवढेच. तेव्हा नरसी नामदेवसारख्या गावाहून मोटारमार्गाने एखाद्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत सहल काढावयाची असेल, तर तीमधून काय शिकविता येईल आणि तिची तयारी कशी करावी, याचा विचार येथे केला आहे. उदाहरणासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा घेतले आहे.

नरसी हे हिंगोली तालुक्यातील कयाधूकाठचे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचा जन्म इ. स. १२७० चा. येथून पंढरपूर, आणि तेथून थेट पंजाबातील घुमानपर्यंत नामदेवांचा संचार झाला. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. ज्या गावाच्या थोर पुत्राने सातशे वर्षांपूर्वी पायी एवढा देश पाहिला, त्या गावच्या मुलांना चारशे किलोमीटरांचा प्रवास फार वाटण्याचे कारण नाही. नरसीहून ताडोब्याच्या मोहर्ली येथील दारापर्यंतचे अंतर साधारण तेवढेच आहे. जाण्याचा एक दिवस, अरण्यातील एक दिवस आणि परतीचा एक दिवस, असा हा तीन दिवसांचा बेत होतो.

प्रथम नकाशा. सहलीपूर्वी एक आठवडा वर्गात महाराष्ट्राचा नैसर्गिक नकाशा टांगावा आणि मुलांना बोटाने कयाधू दाखवावयास सांगावे. ही नदी वाशीम जिल्ह्यात उगम पावते, हिंगोली जिल्ह्यातून वाहते आणि पुढे पैनगंगेस मिळते. पैनगंगा चंद्रपूरच्या पश्चिमेस वर्धेत शिरते. वर्धा व वैनगंगा यांचा संगम गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ होतो; तेथून त्यांच्या प्रवाहास प्राणहिता हे नाव पडते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. आता दुसऱ्या बाजूने पाहावे. ताडोब्याच्या अरण्यातून अंधारी नावाची नदी वाहते, ती वैनगंगेस मिळते. अरण्याच्या पश्चिम सीमेलगतची इरई वर्धेस मिळते. म्हणजे नरसीच्या घाटावरून वाहून गेलेले पाणी आणि वाघाने जेथे तहान भागविली त्या ओढ्याचे पाणी प्राणहितेत एकत्र होते. नद्यांची नावे पाठ करून घेण्यात मुलांचा जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्म्या वेळात ही गोष्ट समजते व ती विसरत नाही.

इतिहासाचा धागाही याच नकाशात सापडतो. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली जाहीर झाले. आजच्या महाराष्ट्रातील ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. त्या वर्षी चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, तर नरसी हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा ही दोन्ही स्थळे द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आली, आणि १ मे १९६० पासून ती महाराष्ट्राची झाली. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. राज्यांच्या व जिल्ह्यांच्या सीमा माणसे आखतात आणि बदलतात. नदी व वाघ मात्र त्या वाचीत नाहीत, याचा प्रत्यय पुढे येणारच आहे.

‘उष्णकटिबंध’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात आला की मुलांच्या डोळ्यांपुढे सदैव हिरवे, ओले, वेलींनी गुंतलेले रान उभे राहते. हा समज दूर करावयास हवा. कर्कवृत्त व मकरवृत्त यांच्यामधला, म्हणजे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस साडेतेवीस अंशांपर्यंतचा पट्टा तो उष्णकटिबंध. नरसी सुमारे पावणेवीस उत्तर अक्षांशावर आहे, ताडोबा वीस अंशांच्या थोडे वर. दोन्ही ठिकाणी वर्षातून दोन वेळा सूर्य बरोबर डोक्यावर येतो व मध्यान्ही उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा. मे महिन्यात शाळेस सुटी आणि जुलैत आकाशास ढग, अशी या प्रयोगाची अडचण आहे खरी. तरी सुटीतही गावात राहणाऱ्या चार मुलांवर ही काठी सोपविता येते. याउलट उत्तराखंडातील जिम कॉर्बेट उद्यान, जे १९३६ साली हेली राष्ट्रीय उद्यान या नावाने भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून स्थापन झाले, ते कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे सावली कधीच पूर्ण नाहीशी होत नाही. (जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान अमेरिकेतील यलोस्टोन, स्थापना १८७२.)

तेव्हा उष्णकटिबंधातील वन एकाच जातीचे नसते. त्याचे रूप पावसावर, आणि पावसापेक्षाही तो वर्षातील किती महिने पडतो यावर अवलंबून असते. हिंगोलीकडे वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, चंद्रपूरकडे बाराशेच्या आसपास. पण दोन्हीकडे तो बहुतेक चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने झाडास साठवणीवर काढावे लागतात. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते. म्हणून पाणी सरले की झाड पानेच टाकून देते. हिवाळ्याच्या अखेरीपासून ताडोब्याचे साग उघडे पडू लागतात ते यामुळे. शास्त्रज्ञ या वनास शुष्क पानझडी वन म्हणतात. युरोपातील झाडे थंडीमुळे पाने गाळतात, आपली तहानेमुळे, हा भेद पुस्तकात एका ओळीत येतो. मार्च महिन्यात सागवनात उभे राहिले म्हणजे तो एका दृष्टिक्षेपात कळतो.

आता रस्ता. हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, हदगाव, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ. पुढे करंजी, मारेगाव, वणी आणि चंद्रपूर, असा हा मार्ग आहे. गाडीत बसल्यावर मुले पहिल्या तासात गाणी म्हणतात आणि दुसऱ्या तासात झोपतात, असा सर्व शिक्षकांचा अनुभव असेल. त्यांना जागे ठेवण्याचा उत्तम उपाय म्हणजे प्रत्येकास एक काम वाटून देणे. एकाने शेतातील पिके लिहावीत, दुसऱ्याने पुलाखालच्या नद्यांची नावे, तिसऱ्याने घरांची छपरे, चौथ्याने मातीचा रंग.

मातीचा व दगडाचा रंग या प्रवासात विशेष पाहण्यासारखा आहे. हिंगोलीपासून यवतमाळपर्यंत जमीन काळी आणि दगडही काळा. लाव्हारसाच्या थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो काळा पाषाण बनला, त्याच्याच झिजेतून ही कापसाची माती झाली. हदगाव व उमरखेड यांच्या दरम्यान पैनगंगेचा पूल लागतो. मराठवाडा तेथे संपतो व विदर्भ सुरू होतो, पण दगड बदलत नाही. तो बदलतो वणीच्या आसपास. लाव्ह्याच्या थराची कड तिकडे संपत जाते आणि तिच्याखालचे कितीतरी जुने खडक वर येतात. वणी, घुग्घुस, चंद्रपूर या टापूत त्या खडकांत दगडी कोळसा आहे. खाणींतून भरून निघालेले मालमोटारींचे तांडे मुलांना आपोआपच दिसतील. कोळसा म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्याचे गाडलेले अवशेष. म्हणजे जिवंत अरण्य पाहण्यास निघालेली मुले वाटेत मेलेल्या अरण्यावरून जातात. या खडकांस भूशास्त्रात ‘गोंडवाना’ म्हणतात. गोंड लोकांच्या देशावरून पडलेले हे नाव पुढे ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड स्यूस यांनी दक्षिण गोलार्धातील एका प्राचीन महाखंडास दिले व ते जगभर रूढ झाले. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व भारत ज्या भूखंडाचे तुकडे आहेत त्याचे नाव आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतील लोकांवरून आलेले आहे, हे किती पदवीधरांस ठाऊक असते?

करंजीच्या अलीकडे-पलीकडे गाडी थोडा वेळ थांबवून मुलांना एक हकीकत सांगावी. तेथून दक्षिणेस, पांढरकवड्याजवळ, टिपेश्वर नावाचे एक लहान अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. तेथे जन्मलेल्या एका तरुण नर वाघास २०१९ च्या फेब्रुवारीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संदेश पाठविणारा पट्टा गळ्यात बांधला. वन्यजीव खात्याच्या कागदांत त्याचे नाव टी-१ सी-१. जून महिन्यात हा वाघ टिपेश्वर सोडून निघाला. यवतमाळ व तेलंगणातील आदिलाबाद येथील रान, पैनगंगेचे अभयारण्य, मग नांदेड, हिंगोली, वाशीम अशा जिल्ह्यांतून वाट काढीत तो वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत त्याची चाल १,३०० किलोमीटरांहून अधिक झाली होती; पुढील काही महिन्यांची भटकंती धरली तर एकूण आकडा ३,००० किलोमीटरांवर जातो. हिंगोली जिल्ह्यातील मुले ज्या रस्त्याने वाघाच्या देशाला निघाली आहेत, त्याच टापूतून एक वाघ उलट दिशेने त्यांच्या देशाला येऊन गेला.

तो का निघाला असेल, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. नर वाघ वयात आला की त्यास स्वतःचे स्वतंत्र क्षेत्र लागते. बापाच्या किंवा दुसऱ्या बलिष्ठ नराच्या क्षेत्रात त्यास थारा नसतो. टिपेश्वर लहान पडले. मग उभी पऱ्हाटी, तुरीचे शेत, नाल्याची झुडुपे यांच्या आडोशाने, बहुधा रात्रीचा, तो चालत राहिला. दिवसा माणसांनी ज्या शेतात काम केले त्याच शेतातून रात्री तो गेला आणि बहुतेक ठिकाणी कोणास पत्ताही लागला नाही. येथे शिक्षकांनी एक गोष्ट खुलेपणाने सांगितली पाहिजे. असा प्राणी गावाच्या शिवारात आल्याचे कळले तर तो बसला आहे त्या झुडुपाकडे जमाव करून जाणे हे सर्वांत घातक कृत्य होय. वाघाची वाट मोकळी ठेवावी, एकट्याने शेतात जाऊ नये, आणि वनविभागास कळवावे. हिंगोली जिल्ह्यासाठी हा धडा आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

चंद्रपूर हे गोंड राजांच्या राजधानीचे नगर. त्याचा सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा परकोट आणि जटपुरा, पठाणपुरा इत्यादी दरवाजे पाहण्यास अर्धा दिवस पुरत नाही. तरी मुक्काम तेथे असल्यास निदान एक दरवाजा पाहावा. शहराबाहेर पडून मोहर्लीकडे जाताना डाव्या हातास इरई धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. या धरणाचे पाणी चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्रास जाते. त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. नरसीच्या शाळेतील दिव्यात येणारी वीज राज्याच्या ज्या जाळ्यातून येते, त्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. एका बाजूस कोळसा व वीज, दुसऱ्या बाजूस वाघाचे वन, आणि मधोमध दोघांनाही लागणारे पाणी. चंद्रपूर जिल्ह्याचा प्रश्न यापेक्षा थोडक्यात मांडता येणार नाही.

ताडोबा हे नाव ‘तारू’ नामक एका गोंड प्रमुखावरून आले, असे सांगतात. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मरण पावला व लोकांनी त्यास देव मानले. त्याचे स्थान तलावाच्या काठी एका मोठ्या झाडाखाली आहे आणि पौष महिन्यात आदिवासी बांधव तेथे पूजेस येतात. तलावाविषयी दंतकथाही आहे. यात्रेकरूंनी प्रार्थना केली की तलाव त्यांना स्वयंपाकाची भांडी पुरवीत असे. एकाने लोभाने ती परत केली नाहीत आणि तेव्हापासून तो उदारपणा थांबला. अशा कथा महाराष्ट्रातील कित्येक डोहांविषयी ऐकू येतात. मुलांना आपल्या आजीस विचारून यावयास सांगावे, कयाधूच्या एखाद्या डोहाची अशी कथा निघण्याचा संभव आहे. मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या मार्गालगत दगडी खांबांची एक ओळ लागते. हे खांब गोंड राजवटीतील असून त्यांवरून दोर ओढून राजधानीकडे संकेत पोहोचवीत, असे म्हटले जाते.

येथे १९३५ सालीच शिकारबंदी झाली. १९५५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर होते. १९८६ मध्ये त्यालगत अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे १९९० नंतरच्या दशकात दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बनला. त्याचे गाभाक्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर असून त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरांहून अधिक बाह्यक्षेत्र आहे. या बाह्यक्षेत्रात गावे आहेत, शेते आहेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळाही आहेत.

उद्यानाच्या आत शाळेची गाडी जात नाही. वनविभागाने परवानगी दिलेल्या गाड्या, त्यांत एक मार्गदर्शक, सकाळची एक फेरी व दुपारची एक फेरी, अशी व्यवस्था असते. नोंदणी पुष्कळ दिवस अगोदर करावी लागते. मंगळवारी उद्यान बंद असते आणि पावसाळ्यात गाभाक्षेत्र बंद ठेवतात. नियम व शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून सहलीच्या महिनाभर अगोदर चंद्रपूरच्या कार्यालयाकडे विचारणा करावी. आत उतरावयाचे नाही, मोठ्याने बोलावयाचे नाही, भडक कपडे घालावयाचे नाहीत, खाऊचा कागद टाकावयाचा नाही. शिक्षकाने स्वतःचा भ्रमणध्वनी बाहेरच ठेवावा. छायाचित्रापेक्षा मुलांकडे लक्ष राहील. ऋतूंपैकी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने मुलांसाठी बरे. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठ्यावर प्राणी हमखास दिसतात खरे, पण तेव्हा चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि उघड्या गाडीत मुलांना ऊन बाधते. पहाटेच्या फेरीस मात्र थंडीतही कानटोपी व घोंगडी असावी.

गाडी आत शिरण्यापूर्वी शिक्षकांनी मुलांचा एक भ्रम हळूच काढून टाकावा. वाघ दिसेलच असे नाही. पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटीसारख्या गवताळ उद्यानात मैलभर अंतरावरचे कळप दिसतात. ताडोब्याच्या साग-बांबूच्या वनात दहा पावलांवर बसलेला वाघ दिसत नाही. हे वन डोळ्यांपेक्षा कानांनी पाहावयाचे आहे. माकड झाडाच्या शेंड्यावर बसलेले असते, त्यास लांबचे दिसते. चितळ खाली असते, त्याचे नाक तिखट. दोघांची पाळत एकमेकांस उपयोगी पडते, शिवाय माकडाने टाकलेली पाने व फळे चितळास मिळतात. वाघ वा बिबट्या दिसला की माकड खोकल्यासारखा आवाज काढते आणि चितळ तीक्ष्ण साद देते. सांबर सहसा उगीच ओरडत नाही; त्याचा भरदार ‘ढाँक’ ऐकू आला की मार्गदर्शक गाडी थांबवितो. अशा वेळी गाडीतील वीस मुलांना पाच मिनिटे निश्चल बसविणे ही त्या दिवसाची खरी परीक्षा. ती उत्तीर्ण होणारा वर्ग परतल्यावर वाचनाच्या तासालाही पूर्वीपेक्षा शांत बसतो की नाही, हे शिक्षकांनी पडताळून पाहावे.

धुळीच्या रस्त्यावर पाऊलखुणा असतात. मांजरवर्गातील प्राणी चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून वाघाच्या ठशात नखे उमटत नाहीत. रानकुत्र्याच्या ठशात उमटतात. ही गोष्ट गावातील मांजर व कुत्रा यांच्या ओल्या मातीतील पावलांवरून अगोदरच शिकवून ठेवता येते. पूर्वी वाघांची गणती अशा ठशांवरून करीत. आता आपोआप छायाचित्र काढणारी यंत्रे झाडांस बांधतात. माणसाच्या अंगठ्याप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, त्यांवरून तो ओळखला जातो. या रीतीने २००६ साली भारतात १,४११ वाघांचा अंदाज निघाला होता. २०२२ साली तो ३,६८२ झाला आणि त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रात होते. रानगवा, अस्वल, भेकर, चौसिंगा, ताडोबा तलावातील मगरी, पाण्यावरच्या फांदीवर बसलेला मत्स्यगरुड, हे सर्व एका फेरीत दिसेल असे नाही. नीलगाय मात्र मुले पाहताक्षणी ओळखतील. तिलाच हिंगोलीकडे रोही म्हणतात, आणि रोह्यांनी हरभरा खाल्ल्याची तक्रार घरोघर ऐकू येते. वाघ नसलेल्या मुलखात रोही का वाढतात, हा प्रश्न तेथेच विचारावा.

झाडांपुढे थांबण्यास सहसा कोणी तयार नसते. परंतु खेड्यातील मुलास झाडांतच अधिक गोडी वाटेल. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. कांडोळाचे खोड पांढरेफेक, त्यामुळे चांदण्यात ते उभे असलेले पाहून लोक त्यास भुताचे झाड म्हणतात. त्याचा डिंक मोलाचा. बांबू हे गवत आहे, झाड नव्हे. कित्येक दशकांतून एकदा तो फुलतो, बी टाकतो आणि सगळे बनच्या बन वाळून जाते. सागाचे कोवळे पान चोळले तर हात लाल होतो, पण हा प्रयोग उद्यानात करावयाचा नाही. गावात किंवा शेजारच्या शेताच्या बांधावर साग असेल तेथे करावा.

मोह व तेंदू या दोन झाडांवर मात्र अधिक वेळ द्यावा, कारण त्यांच्याशी माणसाचे जीवित निगडित आहे. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये रात्री व पहाटे गळून पडतात. बाह्यक्षेत्रातील स्त्रिया व मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन ती वेचावयास जातात. ही फुले वाळवून ठेवतात, खातात, विकतात. मे महिन्यात तेंदूची पाने तोडण्याचा हंगाम असतो. विडीच्या पानांच्या त्या काही आठवड्यांच्या मजुरीवर कित्येक कुटुंबांचा खरिपाचा खर्च भागतो. आता ही वेळ व ही रीत ध्यानात घ्यावी. अंधुक उजेड, माणूस एकटा, खाली वाकलेला. वाकलेला माणूस वाघास दोन पायांचा दिसत नाही, चार पायांचा दिसतो, असे जाणकार सांगतात. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघांच्या हल्ल्यात माणसे दगावतात, त्यांत मोह व तेंदू वेचणारे, गुरे राखणारे आणि शेतावर जाणारे लोकच असतात. जीपमधून वाघ पाहणाऱ्यास तो देखणा दिसतो. मोह वेचणाऱ्या बाईस त्याच वाघाच्या वासाने धडकी भरते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलांना यांपैकी एकच सांगितली, तर सहल अपुरी राहील.

गाभाक्षेत्रातील काही गावे गेल्या काही दशकांत बाहेर हलविण्यात आली. वाघास मोकळी जागा मिळाली, गावकऱ्यांस रस्ता, दवाखाना व शाळा जवळ आली. पण देवस्थान, मोहाची झाडे आणि पूर्वजांची जागा मागे राहिली. हिंगोली जिल्ह्यातील ज्या मुलांच्या नातलगांची जमीन ईसापूर किंवा अन्य धरणात गेली असेल, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. जंगल गावाच्याच हाती सोपविण्याचे प्रयोगही याच प्रदेशात झाले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावास २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे त्या ग्रामसभेने आपला बांबू आपण विकला. वरच्या वर्गातील मुलांस ग्रामपंचायतीचा धडा असतो, तेथे हे उदाहरण उपयोगी पडेल.

मोहर्ली किंवा चंद्रपूर येथे मुक्काम असताना शक्य झाल्यास बाह्यक्षेत्रातील एखाद्या शाळेची भेट ठरवावी. दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी अगोदर पत्रव्यवहार केला असता हे अवघड नाही. नरसीच्या मुलांनी नामदेवांचे अभंग म्हणावेत, तेथील मुलांनी आपली गाणी म्हणावीत, त्यांत गोंडी गाणी असतील तर त्यांचा अर्थ विचारावा. पाखरांची व झाडांची नावे दोन्ही बाजूंनी फळ्यावर लिहून पाहावीत. शाळेत येताना वाटेत रान लागते तेव्हा ती मुले किती जणांच्या टोळीने येतात, पुढे कोण असतो, शेवटी कोण असतो, आवाज करीत येतात की गप्प, हे नरसीच्या मुलांनी त्यांनाच विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे.

पालकांची लेखी संमती, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे पाणी, दर दहा मुलांमागे एक शिक्षक आणि मुली असल्यास शिक्षिका, या गोष्टी अन्य सहलींप्रमाणेच पाहाव्यात. राज्य परिवहनाची गाडी शालेय सहलीस सवलतीने मिळते, तिचा अर्ज लवकर करावा. परतीच्या दिवशी यवतमाळच्या पुढे अंधार पडण्याचा संभव असतो. म्हणून चंद्रपूर पहाटे सोडावे, आणि वाटेत जेवणासाठी थांबावयाचे झाल्यास ते पैनगंगेच्या अलीकडे, उमरखेडला थांबावे.